सांध्याच्या अस्तराचे आजार : केसपेपरवरून कोड काढायला शिकताना

पेशंट सांगतो, "गुडघ्यात पाणी झालंय." डॉक्टर केसपेपरवर लिहितात, "सायनोव्हायटिस, राइट नी." इन्शुरन्स डेस्कवर नव्यानं बसलेला मुलगा सॉफ्टवेअरमध्ये पहिली चार अक्षरं टाइप करतो, वर येईल तो आजाराचा कोड, बहुधा एम६५.९, उचलतो आणि पुढची फाइल ओढतो. बऱ्याचदा यानं काही अडत नाही, म्हणूनच ही सवय अंगवळणी पडते. अडतं तेव्हा टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी येते, कॅशलेस लटकतं आणि डिस्चार्ज मिळालेला पेशंट पिशव्या भरून रिसेप्शनसमोर दुपारपर्यंत बसून राहतो.

हा लेख कोल्हापूरच्या राजारामपुरी-शाहूपुरीतल्या हॉस्पिटलांत एमआरडी (मेडिकल रेकॉर्ड विभाग) किंवा इन्शुरन्स डेस्कवर नुकत्याच लागलेल्यांसाठी आहे. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत अमेरिकन चार्ट, म्हणजे तिकडच्या पेशंटच्या नोंदी, कोड करायची तयारी करणाऱ्यांनाही तो चालेल. बी.एस्सी., बी.फार्म., नर्सिंग, काहीही झालेलं असू दे. कोडची यादी पाठ करून इथं फारसं भागत नाही. या आजारांत कोड ठरतो तो नोंदीतल्या पाच-सहा शब्दांवर. ते शब्द कुठं शोधायचे आणि नसतील तर डॉक्टरांकडून कसे लिहून घ्यायचे, हे ज्याला जमलं त्याला कोड सापडतोच. कोडातलं पहिलं अक्षर पुस्तकात रोमन असतं, इथं देवनागरीत लिहिलंय.

पायरी १ : पुस्तक कोणतं?

आपल्याकडच्या हॉस्पिटलांत चालते ती जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या कोडांची यादी. तिचे तीन खंड आहेत. पहिल्यात कोडांची क्रमवार यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात वर्णानुक्रमे अनुक्रमणिका. इंटरनेटवर ती फुकट पाहता येते. अमेरिकन काम करणार असाल तर आयसीडी-१०-सीएम ही त्यांची वेगळी आवृत्ती. मूळ सांगाडा एकच, पण अमेरिकन कोड सात जागांपर्यंत लांबतो आणि बहुतेक ठिकाणी उजवं-डावं विचारतो.

दोन्हींची सरमिसळ ही नव्या मुलांची सगळ्यात मोठी अडचण. साधं उदाहरण घ्या. प्रकार न सांगितलेल्या सायनोव्हायटिसचा एम६५.९ आपल्या क्लेम फॉर्मवर चालतो. अमेरिकन बिलावर १ ऑक्टोबर २०२४ पासून तो अपुरा ठरतो. तिथं गुडघ्यासह पायाच्या खालच्या भागाला उजवीकडे एम६५.९६१, डावीकडे एम६५.९६२ अशी फोड झाली आहे. क्लासच्या जुन्या झेरॉक्स नोट्समध्ये हे सापडणार नाही. अमेरिकन यादी दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलते, मध्ये १ एप्रिललाही भर पडू शकते. म्हणून पेशंट कुठल्या तारखेला तपासला ते आधी बघायचं आणि त्या तारखेला लागू असलेली यादी उघडायची.

आयसीडी-११ सुद्धा १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे, पण आपल्या विम्याच्या छापील फॉर्मवर अजून आयसीडी-१० चाच रकाना आहे. हात तिच्यावरच बसवा.

पायरी २ : दुखतंय नेमकं काय?

गुडघा, खांदा, खुबा अशा सांध्यांना आतून एक पातळ पडदा असतो, तो सायनोव्हियम. सांध्याला वंगण देणारं पाणी तोच तयार करतो. त्याला सूज आली की सायनोव्हायटिस. पाणी प्रमाणाबाहेर वाढलं की इफ्युजन, म्हणजे आपल्या पेशंटचं "पाणी झालंय."

असाच पडदा स्नायूंच्या दोऱ्यांभोवतीही असतो, सायकलच्या ब्रेकच्या तारेवर नळी असते तसा. तिथं सूज आली की टेनोसायनोव्हायटिस. तिसरी जागा म्हणजे बर्सा, हाड आणि कातडी किंवा हाड आणि स्नायू यांच्यामध्ये घर्षण कमी करणारी छोटी पिशवी. तिची सूज म्हणजे बर्सायटिस.

आयसीडीत पहिले दोन एम६५ खाली एकत्र राहतात. बर्सा मात्र एम७० आणि एम७१ मध्ये जाते. गुडघ्याच्या वाटीपुढची सूज एम७०.४, कोपराच्या टोकावरची एम७०.२. गुडघ्यामागची बेकर सिस्ट एम७१.२, पण तीच फुटली तर एम६६.०. पेशंटच्या तोंडी हे सगळं "गुडघा सुजलाय" एवढंच असतं. म्हणून तक्रारीच्या ओळीवरून कोड काढायचा नाही, तपासणीच्या आणि निदानाच्या ओळीवरून काढायचा.

पायरी ३ : कारण शोधा, कारण इथंच कोड वळतो

माझ्या मते शिकायचा निम्मा वेळ या पायरीला द्यावा. सायनोव्हायटिस हे बऱ्याचदा दुसऱ्याच आजाराचं दर्शनी रूप असतं. खरा आजार फाइलमध्ये दोन पानं मागं लिहिलेला असतो.

लागलंय का? कालच पडून गुडघा सुजला असेल तर एम६५ ला हात लावायचा नाही. या गटाखालीच स्पष्ट टीप आहे की ताजी दुखापत इथं येत नाही, ती त्या-त्या अवयवाच्या इजेच्या गटात जाते. गुडघ्याचा सांधा निखळणं, मुरगळणं यासाठी एस८३. अमेरिकन अनुक्रमणिकेतही सायनोव्हायटिसखाली "ट्रॉमॅटिक, करंट" शोधलं की ती मुरगळण्याकडे पाठवते.

अतिवापर आहे का? सतत दाब, घर्षण, तेच ते काम असं डॉक्टरांनी कारण लिहिलं असेल तर एम७० बघा. हात-मनगटाची करकर आवाज होणारी जुनाट सूज एम७०.० मध्ये आहे.

जंतुसंसर्ग? दोरीच्या आवरणात पू झाला तर एम६५.०, इतर संसर्गजन्य सूज एम६५.१. कल्चरमध्ये जंतू सापडला आणि डॉक्टरांनी तो निदानात घेतला, तर जंतूचा कोडही जोडायचा. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी बी९५.६. पू सांध्यातच असेल तर तो वेगळा आजार, एम००.

टीबी? हा सुटला तर फार महागात पडतो. महिनोन्महिने सुजलेला एकच गुडघा, बायोप्सीत टीबी, अशी फाइल आली की मूळ आयसीडीत दोन कोड लागतात. खंजीर चिन्हाचा ए१८.० हा मूळ आजाराचा आणि तारा चिन्हाचा एम६८.० हा सायनोव्हियमवरच्या परिणामाचा. तारेवाला कोड एकटा कधीच द्यायचा नाही. अमेरिकन आवृत्तीत ही खंजीर-तारा पद्धत नाही. तिथं टीबीचा सायनोव्हायटिस ए१८.०९ या एकाच कोडात मावतो.

संधिवात? ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये (आरए) सायनोव्हियमची सूज हा आजाराचाच भाग. डॉक्टरांनी "आरए विथ सायनोव्हायटिस" लिहिलं तर कोड आरएचा, रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह असल्याचं निदानात असेल तर एम०५, प्रकारच लिहिला नसेल तर एम०६.९. वर एम६५ चिकटवायची गरज नाही. गाउट असेल तर एम१० कडे जा.

आणि काही प्रकारांना स्वतःचं घर आहे. अडकणारं बोट म्हणजे ट्रिगर फिंगर एम६५.३, अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखणारा डी क्वेर्व्हेन एम६५.४, लहान पोरांच्या खुब्याचा तात्पुरता सायनोव्हायटिस एम६७.३, गँग्लियन एम६७.४, पडदा जाड होणं एम६७.२, पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस एम१२.२. हा शेवटचा एम६५ मध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही, तो सांध्यांच्या आजारांत बसवलाय. शिवाय आजकाल पॅथॉलॉजिस्ट त्यालाच टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर म्हणतात. रिपोर्टवर एक नाव आणि डिस्चार्ज कार्डवर दुसरं दिसलं, तर अंदाज न करता डॉक्टरांना विचारा. ट्यूमर या शब्दामागं अनुक्रमणिका वेगळ्याच प्रकरणात नेते.

पायरी ४ : आठ की नऊ, आणि जागेचा आकडा

टिंबानंतरचा ८ आणि ९ यातला फरक सोपा असून सगळे चुकतात. डॉक्टरांनी प्रकार सांगितलाय पण पुस्तकात त्याला वेगळी जागा नाही, तेव्हा ८. डॉक्टरांनी प्रकारच सांगितला नाही, तेव्हा ९. ऑडिटर एखाद्या हॉस्पिटलच्या फाइली चाळतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत भरतात ते हे ९ चे ढीग.

मूळ आयसीडीत या प्रकरणासाठी जागेचा आणखी एक आकडा जोडता येतो. १ खांदा, २ दंड, ३ हाताचा पुढचा भाग, ४ पंजा, ५ कंबर-मांडी, ६ पायाचा खालचा भाग, ७ घोटा-पाऊल, ८ इतर, ० अनेक जागा, ९ जागा माहीत नाही. गंमत इथं आहे की सांधा कधी वरच्या हाडाबरोबर मोजलाय, कधी खालच्या.  कोपर दंडाबरोबर २ मध्ये आहे. मनगट ३ मध्ये, पण खुबा ५ मध्ये आणि गुडघा ६ मध्ये. म्हणजे नियम शोधू नका, यादीच बघा. "लोअर लेग" वाचून पोटरी डोळ्यांपुढं येते, म्हणून नवी मुलं गुडघ्याला मांडीचा आकडा देतात. गुडघ्याचा इतर प्रकारचा सायनोव्हायटिस एम६५.८६. अमेरिकन आवृत्तीत उजवा एम६५.८६१, डावा एम६५.८६२.

प्रत्येक कोडाला बाजू असतेच असंही नाही. डी क्वेर्व्हेनचा एम६५.४ अमेरिकन यादीतही तेवढाच आहे, उजवं-डावं नाही. उलट ट्रिगर फिंगरला बाजूही लागते आणि बोटही. उजवा अंगठा एम६५.३११, उजवी अनामिका एम६५.३४१.

पायरी ५ : "सस्पेक्टेड" लिहिलं असेल तर

ओपीडीच्या कागदावर "प्रॉबेबल सायनोव्हायटिस", "रूल आउट टीबी" असं सर्रास असतं. अमेरिकन ओपीडी चार्टमध्ये असं संशयाचं निदान कोड करायचं नाही, लक्षण कोड करायचं. उजवा गुडघा दुखतोय तर एम२५.५६१, त्यात पाणी आहे तर एम२५.४६१. ॲडमिट पेशंटच्या बाबतीत डिस्चार्जच्या वेळीही संशय कायम असेल, तर तिथल्या हॉस्पिटलांना तो आजार असल्यासारखाच कोड करायची मुभा आहे. हा फरक कोडिंगच्या परीक्षेत हमखास येतो.

मूळ आयसीडीचा सल्लाही नोंद करणाऱ्याला हाच आहे. शेवटपर्यंत निदान पक्कं झालं नसेल तर संशय न लिहिता लक्षण किंवा सापडलेली गोष्ट लिहावी. "रूल आउट टीबी"वरून ए१८.० लावलात तर त्या माणसाच्या नावावर विमा कंपनीच्या दफ्तरात टीबी चिकटला. पुढची पॉलिसी घेताना त्याला ते निस्तरावं लागतं.

एमआरआयचंही तसंच. रिपोर्टमध्ये "सायनोव्हियल थिकनिंग" दिसलं म्हणून आपणच एम६७.२ टाकायचा नाही. गुडघ्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या वर दिसल्या म्हणून आपण सेप्टिक ठरवायचं नाही. रिपोर्ट बघून शंका यावी, हे तुमच्याकडून अपेक्षित आहे. निदान डॉक्टरांनीच लिहायचं.

पायरी ६ : डॉक्टरांना विचारायचं कसं

मोठ्या सर्जनला विचारायची भीती वाटते, खरं आहे. पण तोंडी विचारून आपल्याच पेननं केसपेपरवर भर घालणं हा त्यावरचा उपाय नव्हे. क्वेरी लेखी द्या आणि उत्तर त्यांच्या सही-तारखेनिशी घ्या. ऑपरेशनच्या दोन केसेसच्या मध्ये चहा घेतात ती वेळ बरी.

प्रश्न असा हवा की उत्तर त्यात दडलेलं नसेल. "सर, हा टीबीचाच आहे ना, तसं लिहू?" हे चुकीचं. बरोबर असं :

"सर, पेशंटच्या अंतिम निदानात 'सायनोव्हायटिस नी' आहे. ऑपरेशन नोटमध्ये डावा गुडघा आहे, ॲडमिशन पेपरवर उजवा. बायोप्सी रिपोर्ट फाइलला लावलाय. कृपया बाजू आणि आपल्या मते असलेलं कारण नोंदवावं : संसर्गजन्य, दाहक संधिवात, दुखापत, इतर, किंवा सांगता येत नाही."

शेवटचे दोन पर्याय कायम ठेवा. तेच नसले तर क्वेरीतूनच उत्तर सुचवल्यासारखं होतं.

आता हातानं चार फाइली

फाइल पहिली. तालमीतला बावीस वर्षांचा पैलवान, काल मॅटवर डाव टाकताना उजवा गुडघा पिरगळला, आज सूज. डॉक्टरांनी "स्प्रेन राइट नी विथ ट्रॉमॅटिक सायनोव्हायटिस" लिहिलंय. ताजी दुखापत, म्हणून एस८३. अमेरिकन चार्ट असता तर जागा न सांगितलेल्या उजव्या गुडघ्याच्या मुरगळण्याला एस८३.९१एक्सए, शेवटचा ए म्हणजे उपचार सध्या चालू आहेत. आणि कुस्तीसाठी चक्क स्वतंत्र कोड आहे, वाय९३.७२. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावात राहून हा कोड माहीत नसणं बरं दिसत नाही. हाच पैलवान सहा महिन्यांपासून वाटीपुढच्या गोळ्यासाठी येत असेल आणि डॉक्टर "प्रीपटेलर बर्सायटिस" म्हणत असतील, तर एम७०.४.

फाइल दुसरी. करवीर तालुक्यातल्या वहिनी, दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ हातानं धार काढायची. अंगठ्याच्या बुडाशी मनगट दुखतं, फिंकेलस्टाइन टेस्ट पॉझिटिव्ह, निदान डी क्वेर्व्हेन. कोड एम६५.४. इथं हुशार मूल म्हणतं, काम जास्त आहे, मग अतिवापराचा एम७० का नको? कारण डॉक्टरांनी जे नाव लिहिलंय त्याला पुस्तकात स्वतःची जागा आहे. हुपरीच्या चांदी कारागिराचं अडकणारं बोटही तसंच, एम६५.३. कामाचा उल्लेख हिस्टरीत जरूर असावा, तो पुढं उपचाराचं समर्थन करतो. पण त्यावरून आपण कोड हलवायचा नाही.

फाइल तिसरी. पाच वर्षांचं पोरगं सर्दी-तापानंतर लंगडायला लागलं, डावा खुबा दुखतो. सोनोग्राफीत थोडं पाणी. डॉक्टर "ट्रान्झियंट सायनोव्हायटिस, लेफ्ट हिप" लिहून दोन दिवस ॲडमिट करतात. मूळ यादीत एम६७.३५, अमेरिकन यादीत एम६७.३५२. या फाइलमध्ये कोडापेक्षा नोंद जास्त महत्त्वाची. सांध्यात पू नाही ना, यासाठीच मूल ॲडमिट करून बघितलं जातं. ताप किती होता, पाय टेकवत होतं का, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि पांढऱ्या पेशी किती, हे कागदावर नसेल तर "ओपीडीत भागलं असतं" म्हणून क्लेम नाकारायला समोरच्याला आयतं कारण मिळतं.

फाइल चौथी. आरए असलेल्या आजी, गुडघ्यातून पाणी काढून इंजेक्शन दिलं. निदानाचा कोड आरएचा. अमेरिकन बिलिंगमध्ये मोठ्या सांध्यातलं पाणी काढणं किंवा इंजेक्शन याला सीपीटी (तिकडचा प्रोसिजरचा कोड) २०६१०, आणि सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली केलं, त्याची प्रतिमा जपून ठेवली आणि रिपोर्ट लिहिला असेल तर २०६११. "यूएसजी गायडेड" एवढेच दोन शब्द असतील आणि प्रतिमा नसेल तर दुसरा कोड मिळत नाही. प्रोसिजर नोटमध्ये बाजू, संमती, काढलेल्या पाण्याचं माप आणि रंग, दिलेलं औषध आणि त्याचा डोस एवढं हवंच.

फॉर्म भरताना

विमा नियामकानं ठरवून दिलेल्या क्लेम फॉर्मचा भाग ब हॉस्पिटलनं भरायचा असतो. त्यात मुख्य निदान, अतिरिक्त निदान आणि सहव्याधी यांच्या आयसीडी-१० कोडांचे वेगळे रकाने आहेत. ज्या कारणासाठी मुख्यतः उपचार झाले ते मुख्य निदान. आजींच्या फाइलमध्ये डायबेटिस आणि बीपी सहव्याधीत जातील, त्यांना वर चढवू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतमध्ये मंजुरी पॅकेजच्या कोडावर चालते. आयसीडी कोड त्याची जागा घेत नाही, पण निदान आणि पॅकेज एकमेकांशी जुळायला हवं.

फॉर्म पाठवण्याआधी चार कागद शेजारी शेजारी ठेवा : प्रीऑथ (विम्याच्या आगाऊ मंजुरीचा कागद), ॲडमिशन पेपर, ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड. चारही ठिकाणी बाजू एकच आहे का? निदान बदललं असेल तर कुठं आणि का बदललं ते डॉक्टरांनी लिहिलंय का? त्रासाचा कालावधी सगळीकडे सारखा आहे का? एका कागदावर "दोन महिने" आणि दुसऱ्यावर "तीन वर्षं" असेल तर जुन्या आजाराची क्वेरी येणारच. कालावधी पेशंटनं जो सांगितला तोच राहणार. नातेवाईक काउंटरवर येऊन "जरा कमी करा की भाऊ" म्हणतील. तिथं गोड बोला, पण पेन खाली ठेवा.

इनडोअर पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायचे आणि पेशंटनं मागितले तर ७२ तासांत द्यायचे, हे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे. तुमच्या डेस्कवर हे काम येईल तेव्हा कोणती प्रत कुणाला कधी दिली, त्याची वही ठेवा. आणि अडलेल्या कोडासाठी केसपेपरचा फोटो काढून क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची मुलांची सवय आहे, ती पहिल्या दिवशीच सोडा. निदानाची ओळ तेवढी टाइप करून, नाव-गाव-नंबर न देता विचारा. उत्तर तेवढ्यावरही मिळतं.